शंभराच्या आतलं

घोड्याच्या बावीत तीन मजले खाली
ऊन पोचत नाही, फोनला रेंज नाही.
पन्हाळ्याच्या अंगाला, झाडीत लपलेली.
तिथं मी नि आक्काताई हणबर
सव्वीस दिवस दगड धूत होतो, रोजंदारीवर.
नायलॉनचा ब्रश, कागदाचा लगदा, कॅनमधलं पाणी.
तारेचा ब्रश हातात दिसला तर घरी पाठवीन,
असं इंगवले साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं.

आणि नियम एकच:
शंभर वर्षांपुढचं ते जपायचं,
शंभराच्या आतलं ते काढायचं.

पायरीवर कुणीतरी सोळा घरं कोरलीत.
पहारा सोडून खेळत बसलेले असणार,
हाक आली नि डाव अर्धा टाकून उठले.
साहेब गुडघ्यावर बसून त्याचे फोटो काढतात,
शेजारी फूटपट्टी ठेवून.
आक्काताई म्हणाली, ह्यांनी कामावर खेळ मांडला
तर त्याची एवढी बडदास्त,
आमी चा प्यायला वर गेलो तर खाडा!

चिऱ्याचिऱ्यावर पाथरवटांच्या खुणा.
मासा, त्रिशूळ, नुसताच एक तिरपा घाव.
मजुरी मोजायला केलेल्या, म्हणतात.
माझ्या हजेरीच्या कार्डावर
असाच एक तिरपा घाव असतो, निळ्या पेनाचा.

मग डांबर. मग ऑइलपेंट.
जुना पूल तालीम, फुटबॉलचा राजा.
त्यावर काट मारून दुसऱ्या तालमीचं नाव,
त्यावर काट मारून पुन्हा पहिलीचं.
म्हणजे सामना इथं खालीही बरोबरीतच.
आयटीआय वेल्डर बॅच, दोन हजार अठरा,
अकरा नावं, त्यातलं एक खिळ्यानं खरवडलेलं.
बदाम तर विचारू नका.
एका बदामात एकच नाव होतं, संगीता,
दुसरी बाजू तशीच मोकळी.

नि सगळ्यात ठळक, पांढऱ्या रंगात, थेट चिऱ्यावर:
येथे लिहिण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.
मी विचारलं, साहेब, हे पण काढू?
त्यांनी बॅटरीचा झोत दुसरीकडे फिरवला.

दुसऱ्या मजल्यावर, हात पोचेल तेवढ्या उंचीवर
छिन्नीनं, ओळ खाली घसरत गेलेली:
धोंडी रावजी बेलदार. गाळ काढला. सन १९२७.
बोटांवर मोजलं. परत मोजलं.
नव्व्याण्णव.
आक्काताईनं ब्रश बादलीत टाकला.
म्हणाली, तिकडची भिंत धू आधी,
हितलं बघू पुढच्या साली.
साहेब धोंडीसमोरून तीनदा गेले.
तिन्ही वेळा त्यांना चष्मा पुसायचा होता.

तळाशी, पाण्याच्या काठाला,
कोळशानं, नववी-दहावीतल्या पोराचं अक्षर:
उद्या घरी जातो. कुणाला सांगू नका.
नाव नाही. तारीख नाही.
बोट लावलं तर बोट काळं झालं.
एवढं नवं, की नियमाचा प्रश्नच नव्हता.

मी वाकून पाण्यात बघितलं.
वाकले म्हणून माझाच मला राग आला.
पाण्यावर एक पीस होतं पाकोळीचं, गोल फिरत.

साध्या पाण्यानं निघालं. ब्रश लागला नाही.
वर आल्यावर आक्काताईनं विचारलं,
तळाला काय होतं गं?
काय नाही, म्हटलं. पाणी.

संध्याकाळच्या एस्टीत शाळेची पोरं चढली,
दप्तरं, धक्काबुक्की, कंडक्टरची बोलणी.
रंकाळा स्टँड येईपर्यंत
मी एकेकाची बोटं बघत होते.